ब्रे, काउंटी विकलो : बिस्किटांच्या डब्यातली ४१ पोस्टकार्डं

सागरगोटी
मंडळी, डब्लिनला येऊन यंदा नववं वर्ष. इथे रविवारी मैदानात गाड्या लावून लोक डिकीतूनच घरातलं जुनं सामान विकतात. मागच्या रविवारी कुकर मिळतो का बघायला गेले होते. कुकर नाही मिळाला, पण बिस्किटांचा एक गंजका डबा मिळाला आणि त्यात ४१ जुनी पोस्टकार्डं. विकणाऱ्या आजोबांनी बारा युरो सांगितले, मी दहा म्हटलं, ते हसले आणि डबा माझ्या हातात ठेवला. (तुळशीबागेत घासाघीस शिकलेली मुलगी कुठेही उपाशी मरत नाही.)

घरी येऊन टेबलावर मांडली. जवळजवळ सगळी ब्रे या एकाच गावाची. समुद्राकाठची लांबलचक फरसबंद वाट, बँडस्टँड, हॉटेलांची रांग, मागे ब्रे हेडचा डोंगर. उरलेली आजूबाजूच्या मुलखाची : डार्गल नदीची घळ, पॉवर्सकोर्टचा धबधबा, शुगरलोफ, ग्लेंडालॉकचा गोल मनोरा. काही रंगीत, काही तपकिरी, तीन अगदीच भडक.

प्रश्न असे :
१. कार्ड कोणत्या काळातलं हे कसं ओळखायचं? निम्म्यांवर शिक्का नाही, म्हणजे कोणी पाठवलीच नाहीत.
२. तीन वेगवेगळ्या कार्डांवर ढग तंतोतंत सारखे आहेत. अगदी डावीकडच्या ढगाची शेपटीसुद्धा. हे काय गौडबंगाल?
३. एका कार्डावर पत्ता चक्क खडकीचा आहे. आपली, पुण्याची खडकी. किर्की, इंडिया. मी दोनदा चष्मा पुसून वाचलं.

निळीशाई
वा, काय घबाड हाती लागलंय! ग्लेंडालॉक ऐकून होते, ब्रे पहिल्यांदाच ऐकतेय. गावाबद्दल थोडं लिही ना. आणि खडकीचं कार्ड आधी दाखव, बाकीची नंतर. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

सागरगोटी
लिहिते. ब्रे म्हणजे डब्लिनच्या दक्षिणेला साधारण वीस किलोमीटरवर, विकलो काउंटीच्या उंबरठ्यावरचं गाव. आयरिशमध्येही नाव ‘ब्रे’च, जुनं रूप ‘ब्री’. १८५४ मध्ये आगगाडी पोचेपर्यंत ते छोटंसं गाव होतं. विल्यम डार्गन नावाचा रेल्वेचा कंत्राटदार, ज्याने डब्लिन ते किंग्सटाउन हा आयर्लंडमधला पहिला लोहमार्ग बांधला, त्याला या किनाऱ्यात पैसा दिसला. त्याने समुद्राकाठची चौपाटी आखली आणि १८५९ मध्ये चक्क तुर्की पद्धतीचं हमामखाना उघडलं. मनोरे, कमानी, सगळा थाट. आयर्लंडच्या गार वाऱ्यात! ते फार चाललं नाही. मग त्याचं सभागृह झालं, पुढे सिनेमा, आणि शेवटी पाडलंच. माझ्याकडच्या एका कार्डावर ते दिसतंय, मनोऱ्यांमुळे मला आधी मशीद वाटली.

१८६२ मध्ये स्टेशनसमोर इंटरनॅशनल हॉटेल उभं राहिलं. बघता बघता लोक ब्रेला आयर्लंडचं ब्रायटन (इंग्लंडमधलं समुद्राकाठचं सहलीचं गाव) म्हणायला लागले. लहानपणी लेखक जेम्स जॉइस इथेच राहायचा, मार्टेलो टेरेसच्या १ नंबरच्या घरात, समुद्राच्या इतकं जवळ की वादळात पाणी दाराशी येतं. किनाऱ्यावर वाळू कमी, गोटेच फार. माझं इथलं टोपणनाव तिथूनच आलंय.

आता डार्टने, म्हणजे डब्लिनच्या लोकलने, पाऊण तासात पोचता येतं. उन्हाचा एखादा दिवस निघाला की अख्खं डब्लिन तिकडे चिप्स खात बसलेलं असतं, आम्हीही असतो.

खडकीचं कार्ड इंटरनॅशनल हॉटेलचंच आहे. स्कॅन उद्या.

टपालहंशील
सागरगोटी ताई, अभिनंदन. नाशिकहून लिहितोय, चाळीस वर्षं तिकिटं जमवण्यात घालवली आहेत, त्यामुळे थोडं लांबेल. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

कार्डाचं वय चित्रावरून शेवटी बघायचं. आधी उलटं करा.

ब्रिटनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या आयर्लंडमध्येही, साधं सरकारी पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८७० ला आलं, अर्ध्या पेनीचं. (आपलं पाव आण्याचं कार्ड १ जुलै १८७९ चं, फार मागे नव्हतो.) खाजगी छापखान्याचं चित्राचं कार्ड तिकीट चिकटवून पाठवायला १८९४ मध्ये परवानगी मिळाली. पण मागची अख्खी बाजू पत्त्यासाठी राखीव. निरोप लिहायचा तर चित्राच्या कडेला, आकाशात, समुद्रात, मिळेल तिथे. १९०२ मध्ये मागच्या बाजूला मधोमध रेघ आली : डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. म्हणून मागे रेघ नसेल आणि चित्रावर बारीक अक्षरात गिचमीड असेल, तर कार्ड बहुधा १९०२ च्या आधीचं. रेघ असेल तर नंतरचं.

मग तिकीट. हिरवं अर्ध्या पेनीचं, दाढीवाला राजा, म्हणजे सातवा एडवर्ड : १९०२ ते १९१०–११. दाढीवालाच पण दुसरा, म्हणजे पाचवा जॉर्ज : १९११ पासून. जून १९१८ मध्ये कार्डाचा दर एक पेनी झाला, तेव्हा देशातल्या देशात गेलेल्या कार्डावर अर्ध्या पेनीचं एकच तिकीट असेल तर ते त्याआधीचं. १९२२ ची गंमत वेगळीच. आयरिश सरकार आलं, पण स्वतःची तिकिटं छापून व्हायची होती, म्हणून इंग्रज राजाच्याच तिकिटावर काळ्या शाईत आयरिश भाषेत ‘हंगामी सरकार’ असं छापून ती चालवली. राजाच्या तोंडावर शिक्का! असं एखादं असेल तर जपून ठेवा. पत्रपेट्यांचंही तसंच, राणीचं नाव कोरलेली लाल पेटी तशीच ठेवून वरून हिरवा रंग मारला. रंगीत कार्डावर लाल पेटी दिसली तर काळ लगेच कळतो.

गावांची नावंही बघा. कार्डावर किंग्सटाउन छापलंय? १९२० नंतर ते डन लेअरी झालं.

तुमच्या ढगांचं उत्तर : ते ढग ब्रेचे नाहीतच. त्या काळच्या काचेच्या प्लेटला निळा रंग फार लवकर लागायचा, त्यामुळे जमीन नीट यावी इतका वेळ दिला की आकाश पांढरं फटक. छापखान्यात एक चांगलं ढगांचं चित्र ठेवलेलं असायचं, तेच सगळीकडे डकवायचं. रंगही मागाहूनच. मूळ फोटो काळापांढरा, रंग शिळाछापाने, आणि ते काम बरेचदा जर्मनीत. रंग भरणाऱ्याने ब्रे उभ्या जन्मात पाहिलेलं नसे. त्याला झगा तांबडा आवडला की तांबडा. अवांतर : आपल्याकडे मळवलीच्या रविवर्मा प्रेसमध्येही जर्मन तंत्रज्ञ होतेच.

एक भिंग घ्या, दहापट तरी हवं. ठिपके दिसले तर छापील. ठिपके नाहीत, सलग करडेपणा आहे आणि तिरकं धरल्यावर काळ्या भागावर चांदीसारखी झाक मारते, तर तो खरा फोटो, फोटोच्याच कागदावर उतरवलेला.

सागरगोटी
काका, दंडवत! भिंग नव्हतं, नवऱ्याची शिवणाच्या डब्यातली काच चोरली. (हो, नवऱ्याची. बटणं तोच लावतो.) हिशेब असा : ४१ पैकी सहा खरे फोटो. चांदीची झाक दिसली, तेव्हा अंगावर काटा आला. रेघ नसलेली चार. एकावर समुद्राच्या लाटांमध्ये पेन्सिलीने कोणीतरी भाच्याच्या दाताची चौकशी केलीय.

बऱ्याच कार्डांच्या कोपऱ्यात लॉरेन्स, डब्लिन असं बारीक छापलंय. हा कोण?

टपालहंशील
विल्यम लॉरेन्स. सॅकव्हिल स्ट्रीटवर, म्हणजे आताच्या ओ'कॉनेल स्ट्रीटवर त्याचं दुकान होतं. स्वतः फोटोग्राफर नव्हता, धंदेवाईक माणूस. फोटो काढायचा रॉबर्ट फ्रेंच, आधी पोलिसात होता. अख्खं आयर्लंड त्याने अवजड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन पालथं घातलं. १९१६ च्या, इंग्रजांविरुद्धच्या ईस्टरच्या उठावात लॉरेन्सचं दुकान लुटलं आणि जाळलं गेलं, स्टुडिओत काढलेल्या माणसांच्या फोटोंच्या प्लेटा त्यात गेल्या. पण गावांच्या, डोंगरांच्या प्लेटा रॅथमाइन्सला ठेवलेल्या होत्या, म्हणून वाचल्या. आता त्या आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, चाळीस हजारांच्या घरात. बऱ्याच नेटवर फुकट बघता येतात. म्हणजे माणसं जळाली, डोंगर राहिले.

शंखनाद
सगळं छान, पण मला एक खटकतंय. ही सगळी साहेबाच्या काळातली सहलीची चित्रं आहेत. छत्र्या घेतलेल्या बायका, बँड, हॉटेल. ज्यांनी ती हॉटेलं झाडली, कपडे धुतले, ते कुठे आहेत? आणि गावाबाहेरचं कार्ड आलं की एक गवताने शाकारलेली झोपडी, दारात म्हातारी, गाढव. गरिबी दाखवायची पण गोंडस. आपल्याकडेही साहेबाच्या कार्डांवर गारुडी आणि बैलगाडी. आपण कशाला हळवं व्हायचं?

निळीशाई
आला शंख. कृपया धाग्याचा काश्मीर करू नका.

सागरगोटी
अगं, असू दे, मुद्दा खरा आहे. माझ्या डब्यातही झोपडी आहे, गाढव आहे. फक्त म्हातारीऐवजी लाल शालीतली तरुण मुलगी, आणि तो लाल रंग जर्मनीतला, हे आता काकांमुळे कळलं. पण एक सांगते, ही कार्डं विकत घेणारे सगळे छत्रीवाले नव्हते. कार्डाला अर्धी पेनी पुरायची. रविवारच्या गाडीने सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणारे डब्लिनचे कामगार, दुकानातल्या मुली, सगळे पाठवायचे. मजकूर वाचला की कळतं. निम्म्या कार्डांवर ‘संध्याकाळच्या गाडीने येते, स्टेशनवर ये’ एवढंच. दिवसातून कितीतरी वेळा टपाल वाटायचे, तेव्हा हे आपलं व्हॉट्सॅपच होतं.

रुळावरचा
गाडी म्हटल्यावर मी आलोच. ताई, ब्रे हेडच्या कड्यावरून जाणाऱ्या रेल्वेचं एखादं कार्ड आहे का? असेल तर ते माझ्यासाठी बाकी चाळीसांपेक्षा मोलाचं.

तो मार्ग ब्रुनेल या इंग्रज इंजिनिअरने आखला. ग्रेट वेस्टर्न रेल्वेवाला, तोच. ब्रेहून पुढे ग्रेस्टोन्सकडे जायचं तर डोंगरामागून सरळ जाता आलं असतं. त्याऐवजी रूळ समुद्रावर लोंबणाऱ्या कड्यातून नेले, बोगदे खणले, दऱ्यांवर लाकडी पूल टाकले. असं म्हणतात की डोंगरामागची जमीन अर्ल ऑफ मीथच्या बागबगिच्याची होती आणि गाडी आपल्या अंगणातून नको, म्हणून त्याने कड्याची जमीन देऊ केली. १८५५ मध्ये गाडी सुरू झाली. मग समुद्र खालून कडा खायला लागला आणि वरून दरडी. ऑगस्ट १८६७ मध्ये ब्रँडी होलच्या पुलावर गाडी रुळांवरून घसरून खाली गेली, दोघांचा जीव गेला. (ब्रँडी होल हे नाव चोरट्या ब्रँडीवरून. ती गुहा दारू उतरवायला सोयीची.) त्यानंतर मार्ग पुन्हा पुन्हा आत सरकवला, शेवटचा मोठा बदल १९१७ मध्ये, लांब बोगदा काढून. लोक त्याला ब्रुनेलचा वेडेपणा म्हणतात. आमच्या खंडाळ्याच्या घाटात निदान खालून समुद्र तरी खात नाही.

मुद्दा असा की जुन्या कार्डावर रूळ जिथे दिसतात, तिथे आज रूळ नसू शकतात.

सागरगोटी
रुळावरचे दादा, आहे! तपकिरी कार्ड, खरा फोटो, शिक्का नाही. उजवीकडे समुद्र, मध्ये कडा, कड्याला चिकटून दगडी बांध, त्यावर इंजिन आणि चार डबे. वर पायवाट, तिथे टोपीवाला एक माणूस कठड्याला टेकून गाडीकडे बघतोय. पायवाट म्हणजे क्लिफ वॉक. रेल्वे बांधताना सामान न्यायला केलेली ती वाट, नंतर फिरायला लोकप्रिय झाली. त्या वाटेवर लॉर्ड मीथचा टोलनाका होता, माणशी एक पेनी. त्याचे पडके दगड अजून दिसतात.

तुमचं वाचल्यावर जुने फोटो उपसले. २०१९ मध्ये ती वाट चालले होते. (२०२१ मध्ये दरड कोसळल्यावर ती बंद केली, त्यामुळे आता जाऊन बघता येत नाही.) माझ्या फोटोत तोच कड्याचा वळसा, तोच दगडी बांध, पण त्यावर रूळ नाहीत. गवत, पिवळी गोर्सची झुडपं, आणि पुढे बोगद्याचं काळं तोंड, आत काहीच जात नाही. तेव्हा मला वाटलं होतं काहीतरी किल्ल्याबिल्ल्याचं असावं. आताची गाडी आणखी आत, डोंगराच्या पोटातून जाते.

रुळावरचा
म्हणजे तुमचं कार्ड १९१७ च्या आधीचं असण्याची दाट शक्यता. शिक्का नसताना तारीख सापडली! आज रात्री झोप नाही.

टपालहंशील
असंच करायचं. चित्रात काय नाही ते बघायचं. ब्रे हेडच्या माथ्यावर आज मोठा क्रूस आहे ना? तो १९५० चा. क्रूस नसेल तर फोटो १९५० च्या आधीचा. पण सावध : कार्ड वर्षानुवर्षं दुकानात पडून असतं. फोटो १९०५ चा, शिक्का १९२० चा, असं सर्रास होतं. शिक्का म्हणजे पाठवल्याची तारीख, चित्राची नव्हे.

सागरगोटी
अगदी! शिक्का १९५३ चा, डोंगरावर क्रूस नाही, असं एक आहे. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय.

आता गावाबाहेरची. त्या काळी ब्रेला आलेला माणूस एक दिवस घोड्याच्या जाँटिंग कारने डार्गलला जायचाच. ही कार म्हणजे दोनचाकी गाडी, बसायला दोन बाकं पाठीला पाठ लावून, तोंडं रस्त्याच्या कडेला. टांग्यासारखी नाही, टांग्यात निदान आपण मागे काय सुटलं ते बघतो. डार्गलच्या घळीत लव्हर्स लीप नावाचा सुळका आहे, त्याची माझ्याकडे पाच कार्डं, पाचही एकाच जागेवरून काढलेली. कंटाळवाणी आहेत खरं सांगायचं तर. झाडी, झाडी आणि दगड.

पॉवर्सकोर्टचा धबधबा १२१ मीटरचा. त्याची गोष्ट मात्र झकास. १८२१ मध्ये चौथा जॉर्ज राजा आला, तेव्हा लॉर्ड पॉवर्सकोर्टने वर बांध घालून पाणी अडवलं, महाराज आले की सोडायचं आणि धबाबा दाखवायचा. खाली खास पूल बांधला, महाराजांना उभं राहायला. महाराज जेवणावरून उठलेच नाहीत. नंतर पाणी सोडलं तर पूलच वाहून गेला. राजाची पंगत लांबली म्हणून राजा वाचला.

शुगरलोफ म्हणजे ५०१ मीटरचा शंकूच्या आकाराचा डोंगर. पूर्वी साखर अशा शंकूसारख्या ढेपेत यायची, त्यावरून नाव. आपण असतो तर गुळाची ढेप म्हटलं असतं. सगळे ज्वालामुखी समजतात, पण नाही.

आणि ते तीन भडक. आकाश निळं म्हणजे रिन सुप्रीम निळं. मागे जॉन हाइंड असं छापलंय.

निळीशाई
जॉन हाइंड! माझ्या मावशीच्या शोकेसमध्ये होतं एक, सत्तरच्या दशकात तिच्या दवाखान्यातल्या आयरिश ननने दिलेलं. गाढवाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना टोपल्या, दोन तांबड्या केसांची पोरं. मला लहानपणी वाटायचं त्या टोपल्यांत गोवऱ्या आहेत.

सागरगोटी
फार लांब नव्हतीस. ते टर्फ, दलदलीतून कापून वाळवलेली जळणाची माती. चुलीला तीच, काम तेच.

हाइंड मूळचा इंग्लंडमधल्या सॉमरसेटचा, जन्म १९१६. मध्ये काही वर्षं सर्कशीबरोबर फिरला, बायको झुल्यावरची कसरतपटू. १९५६ मध्ये डब्लिनला कार्डांची कंपनी काढली. त्याचं तत्त्व सरळ : लोकांना पाऊस नको, ऊन विका. रंग छपाईत वाढवायचे. समोर काही नकोसं आलं की ऱ्होडोडेंड्रॉनची फांदी मध्ये धरायची, म्हणे गाडीत करवत असायचीच. माझ्या ग्लेंडालॉकच्या कार्डावर डावीकडे अशी जांभळी फांदी आहे, आणि ती जमिनीतून उगवलेली नाही हे नीट बघितलं की कळतं. १९९३ मध्ये डब्लिनच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने त्याच कार्डांचं प्रदर्शन भरवलं. ज्यांना आधी सगळे बटबटीत म्हणत होते, ती भिंतीवर गेली.

शंखनाद
म्हणजे लॉरेन्सने ढग चिकटवले आणि हाइंडने झाडं. माझा मुद्दा सिद्ध झाला असं मी समजतो. हलके घ्या.

खडकीवाला
उशिरा आलो. खडकी बाजारात लहानाचा मोठा झालोय, त्यामुळे ते कार्ड मलाच आलंय असं समजा. स्कॅन कुठाय?

सागरगोटी
हे घ्या. चित्र : इंटरनॅशनल हॉटेल, ब्रे, काळंपांढरं, छापील (ठिपके आहेत). मागे : लाल एक पेनीचं तिकीट, एडवर्ड. ब्रेचा शिक्का १७ ऑगस्ट १९०८. खाली पुसट गोल शिक्का किर्की, ५ सप्टेंबर. पत्त्यात नावापुढे सैनिकाचा हुद्दा, पलटणीच्या नावावर पाणी सांडलंय, वाचता येत नाही. मजकूर चार ओळी. सारांश : इथे गर्दी फार आहे. दोन दिवस पाऊस थांबला नाही. मी महिनाअखेरपर्यंत इथेच, मग घरी. तू पाठवलेलं कापड आईला आवडलं. सही नुसतं एक आद्याक्षर.

चित्रावर शाईचा एक डाग आहे, वरच्या बाजूला. त्याने किंमत कमी होते का काका?

टपालहंशील
किंमत विसरा, हे विकायचं नाही. एक पेनी का, तर परदेशाचा दर एक पेनी होता, देशात अर्धी. १९१८ च्या आधीच्या कार्डावर हिरव्याऐवजी लाल तिकीट दिसलं की कार्ड बहुधा परदेशी गेलं असं समजायचं. एकोणीस दिवसांत ब्रेहून खडकी, बोटीने मुंबई, मग रेल्वे. आज माझं स्पीडपोस्ट कधीकधी नाशिकहून पुण्याला... जाऊ द्या.

खडकीवाला
पलटण कळत नाही म्हणून छातीठोक काही सांगत नाही, पण एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. डब्लिनची जी पलटण होती, रॉयल डब्लिन फ्युजिलियर्स, तिची दुसरी बटालियन मूळची आपली. म्हणजे बॉम्बे युरोपियन रेजिमेंट, ईस्ट इंडिया कंपनीची. ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेसमोर तीच उभी होती. पुढे १०३वी रॉयल बॉम्बे फ्युजिलियर्स झाली आणि १८८१ मध्ये मद्रासवाल्या भावंडाबरोबर जोडून डब्लिनच्या नावाने दिली. त्यांच्या निशाणावर ‘किर्की’ हे युद्धसन्मानाचं नाव होतं. १९२२ मध्ये पलटण मोडली. तेव्हा डब्लिनच्या आसपासच्या पोराला खडकी हे नाव नवीन नसावं. हा शिपाई मात्र दुसऱ्या कुठल्याही पलटणीचा असू शकतो, तोफखाना आणि दारूगोळ्याचा कारखाना इथे होताच.

आणि ५ सप्टेंबरला खडकीतही पाऊसच असणार. दोघेही भिजले.

निळीशाई
सागरगोटी, तो डाग पुन्हा बघ. मी स्कॅन मोठा करून पाहिला. तो डाग नाहीये, फुली आहे. दोन रेघा, नीट आखलेल्या. खिडकीवर.

टपालहंशील
निळीशाई ताईंनी बरोबर हेरलं. ही फार नेहमीची पद्धत. हॉटेलच्या कार्डावर आपली खोली दाखवायला फुली मारायची. मीही महाबळेश्वरहून मारलीय, १९७४ मध्ये, लग्नानंतर. सौ. अजून चिडवते.

निळीशाई
पण काका, ही फुली कुठे आहे बघा. खालच्या मोठ्या खिडक्यांवर नाही, समुद्र दिसणाऱ्या बाजूला तर नाहीच. सगळ्यात वर, छपराखाली, जिथे खिडक्या बारक्या आहेत. माझी आजी मुंबईत एका मोठ्या बंगल्यात स्वयंपाकाला होती, तिची खोली तशीच होती, पाण्याच्या टाकीखाली. पाहुण्याला तिथे कोण झोपवेल?

आता मजकूर परत वाच. गर्दी फार आहे. महिनाअखेरपर्यंत इथेच, मग घरी. हे सहलीला आलेलं कोणी लिहितं का? ऑगस्ट म्हणजे हंगाम. हंगाम संपला की कामाला घेतलेल्या मुली घरी जातात.

शंखनाद
...
मी विचारलं होतं की हॉटेल झाडणारे कुठे आहेत.

खडकीवाला
आणि भावाने, किंवा जो कोणी असेल त्याने, पुण्याहून कापड पाठवलं होतं. रविवार पेठेतलं असेल.

सागरगोटी
मला काल झोप लागली नाही. आज कामावरून सुटल्यावर डार्टने गेले सरळ ब्रेला. हॉटेल १९७४ मध्ये जळालं. (त्याच वर्षी पॉवर्सकोर्टचा वाडाही जळाला, आतली दालनं दाखवणारी माझ्याकडची दोन कार्डं त्या आधीची.) मध्ये पहिल्या महायुद्धात तिथे जखमी सैनिकांचं इस्पितळ होतं. आता त्या जागी बोलिंगचं ठिकाण आहे, बैठी इमारत. मुलं वाढदिवसाला येतात.

स्टेशनच्या दारात उभी राहिले, कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात होतं, पाऊस होताच. कार्डावरचा आडवा कट्टा कुठे असेल ते रस्त्याच्या वळणावरून अंदाजाने जुळवलं. मग मजले मोजले. फुलीची खिडकी वरून पहिल्या रांगेत, डावीकडून पाचवी. तिथे आता नुसती हवा आहे, एक सीगल बसायला जागा शोधत होता.

टपालहंशील
ताई, पाकीट कसलं वापरलंत? साधं पीव्हीसी असेल तर ताबडतोब काढा, ते कागदाला चिकटतं. पॉलिएस्टरचं घ्या. आणि सेलोटेप अजिबात नको.

सागरगोटी
साधंच होतं काका. काढलं आत्ता.

रुळावरचा
ताई, त्या रेल्वेच्या कार्डाच्या मागच्या बाजूचा स्कॅन राहिलाय बरं का.